उसनी भिंत : कणांच्या पाण्याचा एक न सुटलेला प्रश्न

तीन वर्षांपूर्वी पाण्याचे टँकर बांधणाऱ्या एका ओळखीच्या कारखानदाराने मला एक साधा प्रश्न विचारला. अर्धा भरलेला टँकर धावत असताना ब्रेक लागला, की आतले पाणी पुढच्या पत्र्यावर आदळते. त्या पत्र्यावर दाब किती येतो? पत्रा किती जाड घ्यायचा हे त्यावर ठरणार होते. मी हौसेने काही वर्षे कणांच्या पद्धतीने पाण्याच्या हालचालीचे गणित करणारा प्रोग्रॅम लिहीत होतो. आठवड्याभरात मी त्याला पडद्यावर हलणारे पाणी दाखवले. लाट उसळली, पत्र्यावर आपटली, वर चढून उलटी कोसळली. त्याने ते दोनदा पाहिले आणि म्हणाला, “सर, पिक्चर झकास आहे. पण आकडा सांगा.”

मी आकडा सांगितला. मग घरी येऊन, केवळ खात्री करावी म्हणून, प्रोग्रॅममध्ये भिंत लिहिण्याची रीत बदलली. पाणी तेच, टँकर तोच, कणांची संख्या तीच. आकडा जवळजवळ दुप्पट झाला. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की पडद्यावरचे पाणी दोन्ही वेळा हुबेहूब सारखे दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून मी त्याला पहिला आकडा खोडायला सांगितले.

हा लेख त्या दोन आकड्यांमधल्या फरकाविषयी आहे. कणाधारित पद्धतींवर लिहिताना पाण्याचे फार कौतुक होते, भिंतीचे वर्णन मात्र एका परिच्छेदात उरकले जाते. माझे म्हणणे असे, की या पद्धतीत पाणी हे सिद्धान्तातून येते आणि भिंत बाहेरून उसनी आणावी लागते. ती कुठून आणली हे सांगितल्याखेरीज भिंतीवरच्या दाबाचा कोणताही आकडा अर्धवटच राहतो.

ताऱ्यांसाठी जन्मलेली पद्धत

या पद्धतीचे नाव स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स, रूढ संक्षेप एसपीएच. १९७७ साली ती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे मांडली गेली : एकीकडे लिऑन ल्युसी, दुसरीकडे रॉबर्ट गिंगोल्ड आणि जो मोनॅघन. दोन्हीकडचा प्रश्न ताऱ्यांचा होता. वेगाने फिरणारा तारा दुभंगू शकतो का, गोल नसलेल्या ताऱ्याची रचना कशी असते, अशा स्वरूपाचा.

त्या काळची रूढ रीत म्हणजे जागेवर जाळी आखायची आणि प्रत्येक चौकटीत द्रव्य किती आले, किती गेले याचा हिशेब ठेवायचा. पण तारा दुभंगला तर बहुतेक चौकटी रिकाम्या राहतात. एसपीएचने जाळी सोडून दिली. द्रव्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला कण म्हणायचे आणि हिशेब कणाबरोबर फिरू द्यायचा. कोणत्याही जागची घनता हवी असेल तर जवळपासच्या कणांची वस्तुमाने मोजायची, जवळच्याला जास्त महत्त्व, दूरच्याला कमी, आणि एका ठरावीक अंतरापलीकडच्याला शून्य. हे महत्त्व ठरवणाऱ्या घंटेच्या आकाराच्या फलनाला कर्नल म्हणतात. सगळी पद्धत या एका सरासरीवर उभी आहे.

ताऱ्याला भिंत नसते. त्याची घनता कडेला विरळ होत पोकळीत मिसळून जाते, त्यामुळे कडेच्या कणाला एका बाजूला शेजारी नसले तरी फारसे बिघडत नाही. पद्धतीच्या रचनेत भिंतीला जागा नव्हती, कारण प्रश्नातच भिंत नव्हती. १९९४ साली मोनॅघनने ही पद्धत मुक्त पृष्ठभागाच्या पाण्यासाठी वापरून दाखवली, आणि ती आकाशातून जमिनीवर आली. जमिनीवरच्या पाण्याला तळ असतो, काठ असतो, टाकीचा पत्रा असतो. तेव्हापासून हा प्रश्न तिच्या मागे आहे.

गर्दीत भिंतीशी उभा असलेला माणूस

प्रश्न कळण्यासाठी दादरच्या फलाटावरची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी. प्रत्येकाला सांगितले, की तुमच्या दोन हातांच्या परिघात किती माणसे आहेत ते मोजा आणि त्यावरून गर्दी किती ते सांगा. मधल्या माणसाचे उत्तर बरोबर येईल. भिंतीला पाठ लावून उभा असलेला माणूस मात्र अर्धाच परीघ मोजू शकतो. तो म्हणेल, गर्दी निम्मी आहे. कोपऱ्यात उभा असलेला म्हणेल, पाव आहे. गर्दी सगळीकडे सारखीच आहे; चुकीचे आहे ते मोजमाप.

एसपीएचमधल्या कणाचे नेमके हेच होते. सपाट भिंतीवर कर्नलचा अर्धा भाग भिंतीपलीकडे जातो. द्विमितीत काटकोनी कोपऱ्यात पावच भाग आत उरतो, त्रिमितीत खोलीच्या कोपऱ्यात एक अष्टमांश. अनेक प्रोग्रॅममध्ये घनता अशी थेट मोजत नाहीत, तिच्या बदलाचा दर मोजतात. पण तो दरही शेजाऱ्यांवरूनच काढायचा असल्याने दुखणे फक्त जागा बदलते.

घनतेत थोडी चूक झाली तर एवढे काय बिघडले, असे कुणी विचारील. इथे एक छोटा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. खरे पाणी जवळजवळ दाबले जात नाही. त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. एवढा वेग गणितात घेतला तर काळाची पावले इतकी बारीक टाकावी लागतात, की गणित संपत नाही. म्हणून रूढ एसपीएचमध्ये पाणी किंचित दाबता येणारे मानतात आणि ध्वनीचा वेग प्रवाहाच्या कमाल वेगाच्या दहापट घेतात. त्यामुळे घनतेतला खरा चढउतार साधारण १ टक्क्यात राहतो. दाब या चढउतारावरूनच काढला जातो.

आता १ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ ढासळतो आहे असे समजा. त्याच्या पुढच्या टोकाचा सैद्धान्तिक कमाल वेग सेकंदाला सुमारे ६.३ मीटर येतो; म्हणून गणितातला ध्वनिवेग सुमारे ६३ मीटर. घनतेत १ टक्का चूक झाली तर दाबातली चूक होते घनता गुणिले ध्वनिवेगाचा वर्ग गुणिले एक शतांश : सुमारे ३९,००० पास्कल. आणि १ मीटर खोल स्थिर पाण्याचा तळावरचा दाब किती? सुमारे ९,८०० पास्कल. म्हणजे घनतेतली १ टक्क्याची चूक संपूर्ण जलस्तंभाच्या दाबाच्या चौपट. पाव टक्का चुकले तरी जेवढा दाब मोजायचा आहे तेवढीच चूक हातात पडते. आणि भिंतीशी, काहीच उपाय केला नाही तर, आपण पाव टक्क्याविषयी नव्हे, पन्नास टक्क्यांविषयी बोलतो आहोत.

टँकरचा आकडा दुप्पट का झाला, हे मला हा हिशेब कागदावर मांडल्यावर कळले.

पाच प्रकारच्या भिंती

गेल्या तीस वर्षांत या अडचणीवर जे उपाय निघाले त्यांचे ढोबळमानाने पाच गट पडतात. प्रत्येकाच्या बाजूने काही बोलता येते, आणि प्रत्येकाचे काही देणे बाकी राहते.

पहिला उपाय ढकलण्याचा. भिंतीवर कणांची रांग लावायची आणि पाण्याचा कण जवळ आला की त्याला मागे रेटायचे. मोनॅघनच्या १९९४च्या लेखातली भिंत अशी होती. रेट्याचे सूत्र रेणूंमधल्या बलाच्या धर्तीवरचे, लेनर्ड-जोन्स प्रकारचे. ही भिंत पाणी अडवते, यात शंका नाही. पण ती गुळगुळीत नसते. भिंतीच्या कणासमोर रेटा जास्त, दोन कणांच्या मधे कमी. त्यामुळे काठाने घसरणारे पाणी खडबडीत रस्त्यावरच्या सायकलसारखे हादरे खात जाते. शिवाय कर्नलचा रिकामा अर्धा भाग रिकामाच राहतो. ही भिंत मोजमापाची चूक सुधारत नाही, तिच्यावर बंदोबस्त बसवते.

दुसरा उपाय आरशाचा. भिंतीजवळच्या प्रत्येक कणाचे प्रतिबिंब पलीकडे ठेवायचे. पाणी भिंतीवरून घसरू द्यायचे असेल तर प्रतिबिंबाचा भिंतीला लंब असलेला वेग उलटा करायचा. चिकटू द्यायचे असेल तर समांतर वेगही उलटा. सपाट भिंतीसाठी याहून स्वच्छ उपाय नाही. काटकोनात दोन आरसे जोडले की वस्तूची तीन प्रतिबिंबे दिसतात, तशी इथेही कोपऱ्याच्या कणाला तीन प्रतिबिंबे मिळतात आणि रिकामे तीन चतुर्थांश बरोबर भरले जाते. पण कोन सत्तर अंशांचा झाला, भिंत वक्र झाली, किंवा पाण्यात बाहेर आलेला कोपरा असला, की प्रतिबिंबे एकमेकांवर चढतात किंवा मधे फट राहते. टँकरची टाकी लंबगोल असते. तिथे हा आरसा वेडावाकडा होतो.

तिसरा उपाय माणसे उभी करण्याचा. भिंतीच्या आत कणांचे दोन-तीन थर कायमचे रोवायचे आणि त्यांना दाब व वेग समोरच्या पाण्यावरून उसना द्यायचा. २०१२ साली अदामी, हू आणि अॅडम्स यांनी या रीतीला नीट रूप दिले. पाण्याचा दाब भिंतीपर्यंत नेताना गुरुत्व आणि भिंतीचे त्वरण हे दोन्ही त्यांनी हिशेबात धरले. स्थिर पाण्याच्या बाबतीत हा उपाय चांगला टिकतो. पण पत्रा पातळ असेल आणि दोन्ही बाजूंना पाणी असेल, तर तीन थर मावणार कुठे? टँकरच्या आतले आडवे बॅफल नेमके तसेच असतात.

चौथा उपाय सर्वांत सोपा. भिंतीचे कण पाण्याचेच कण मानायचे, त्यांची घनता इतरांसारखीच बदलू द्यायची, फक्त त्यांना हलू द्यायचे नाही. क्रेस्पो, गोमेस-गेस्तेइरा आणि डॅल्रिम्पल यांनी २००७ साली ही रीत तपासून मांडली, आणि डुअलएसपीएचफिजिक्स या खुल्या प्रोग्रॅममुळे ती जगभर पसरली. कितीही वेडावाकडा आकार चालतो. पण पाणी आणि भिंत यांच्यामध्ये एक फट राहते, कणांच्या अंतराएवढी किंवा थोडी अधिक. आणि पाणी मागे सरकताना काही कण भिंतीला ओढले गेल्यासारखे चिकटून राहतात. पुढे त्याच प्रोग्रॅममध्ये ही फट कमी करणारी सुधारित रीतही आली. ही फट पडद्यावर दिसते, तरी आपण तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकलो.

पाचवा उपाय गणिताच्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक. कर्नलचा किती भाग आत उरला ते मोजायचे आणि सरासरीला त्या अपूर्णांकाने भागायचे. भिंतीशी उभ्या माणसाला सांगायचे, की तू अर्धाच परीघ पाहतोस, तेव्हा उत्तराची दुप्पट कर. फेराँ आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली या निम-वैश्लेषिक भिंतीची एकसंध मांडणी केली. अडचण फक्त एवढी, की त्रिमितीतल्या गुंतागुंतीच्या आकारात तो अपूर्णांक क्षणोक्षणी अचूक काढणे हे स्वतःच एक मोठे काम होऊन बसते.

या सगळ्यांखाली आणखी एक मूलभूत अडचण आहे. सांत घटक पद्धतीत, म्हणजे फायनाइट एलिमेंटमध्ये, जाळीच्या गाठीवर लिहिलेली किंमत हीच त्या जागची किंमत असते. ‘इथे वेग शून्य’ असे गाठीवर लिहिले की अट लागू झाली. कणांच्या पद्धतीत तसे नाही. कणावर लिहिलेली किंमत आणि शेजाऱ्यांच्या सरासरीतून त्याच जागी निघणारी किंमत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीवरच्या कणाला शून्य वेग दिला, तरी भिंतीवरचा वेग शून्य होईलच असे नाही. जाळीविरहित पद्धतींच्या सगळ्या कुळालाच हे दुखणे आहे. १९९४ साली बेलिच्को, लू आणि गू यांनी मांडलेल्या घटकमुक्त गालेर्किन पद्धतीत याच कारणासाठी लाग्रांज गुणकांची मदत घ्यावी लागली.

पाणी भिंतीला चिकटते की घसरते, हा वाद एकोणिसाव्या शतकातही झाला. नाव्हिएने घसरण मान्य करणारी अट सुचवली, स्टोक्स चिकटण्याच्या अटीकडे वळला, आणि निकाल शेवटी प्रयोगांनी लावला. तो वाद निसर्गाविषयी होता. आपला वाद हिशेबाच्या वहीविषयी आहे. अट कोणती हे ठाऊक असूनही ती वहीत कशी लिहायची हे ठरत नाही.

धरणफुटीचे प्रमाणपत्र

आता टीकेचा मुद्दा. नवी भिंत मांडणाऱ्या लेखात बहुधा एक आकृती असतेच : धरणफुटी. आपल्याकडे धरणफुटी म्हटले की पानशेत आणि १९६१ आठवते. इथे तसे काही नाही. पडद्यामागे पाण्याचा एक छोटा स्तंभ असतो, पडदा काढला की तो कोसळून तळावर पसरतो. मार्टिन आणि मॉइस यांनी १९५२ साली असे प्रयोग करून पाण्याचे टोक कोणत्या वेळी कुठे पोचले आणि स्तंभाची उंची किती उरली, याची मोजमापे प्रसिद्ध केली. तेव्हापासून ती पद्धतींच्या परीक्षेसाठी वापरली जातात.

प्रयोग उत्तम आहेत. प्रश्न आहे तो त्यातून काय सिद्ध होते याचा. टोकाची गती मुख्यतः गुरुत्व आणि जडत्व ठरवतात. भिंत थोडी खडबडीत असली, तळाशी फट असली, भिंतीजवळचा दाब थरथरत असला, तरी टोक जवळजवळ वेळेवर पोचते. माझ्या प्रोग्रॅमच्या दोन्ही भिंती या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या होत्या, आणि त्याच दोन भिंतींनी टँकरच्या पत्र्यावर दुपटीचा फरक दाखवला. जी परीक्षा या दोघींमध्ये भेद करू शकत नाही, तिचे प्रमाणपत्र भिंतीला उपयोगाचे नाही. गाण्याच्या परीक्षेत हस्ताक्षर तपासून गुण द्यावेत, असा हा प्रकार आहे.

पडद्यावरचे सुंदर पाणी इथे मदत करत नाही, उलट आड येते. चित्रपटात लाट दाखवायची असेल तर डोळ्याला पटणे पुरेसे आहे, आणि तिथे ही पद्धत सार्थपणे लोकप्रिय झाली. पण पत्र्याची जाडी डोळा ठरवत नाही. अभियंत्याला हवी असलेली गोष्ट म्हणजे भिंतीवरचा दाब, आणि नेमकी तीच या पद्धतीची सर्वांत कच्ची राशी आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की जाळीच्या पद्धतींना फुटणारी लाट सहज झेपत नाही. तिथे एसपीएच जे करते त्याला तोड नाही. आणि या क्षेत्रातल्या लोकांनी ही उणीव लपवलेली नाही. स्फेरिक या त्यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने जी पाच मोठी आव्हाने ठरवली त्यांत सीमाअटी हे एक स्वतंत्र आव्हान आहे. त्यांच्या नमुना-परीक्षांमध्ये अडथळ्यावर आदळणाऱ्या पाण्याचा आणि डुचमळणाऱ्या टाकीचा मोजलेला दाबही आहे. म्हणजे कठीण परीक्षा उपलब्ध आहेत. तरी सोपी परीक्षाच आधी दिली जाते, आणि अनेकदा तीच शेवटची ठरते.

स्थिर पाणी आणि बनवलेले उत्तर

मग मागायचे काय? माझ्या अनुभवातून मी दोन गोष्टी सुचवतो.

पहिली परीक्षा इतकी साधी, की ती द्यायला संकोच वाटतो. टाकीत पाणी भरा आणि काही करू नका. ते स्थिर राहते का पाहा. खोलीबरोबर दाब सरळ रेषेत वाढतो का, कोपऱ्यात तो उसळतो का, दहा-वीस सेकंदांनी कण भिंतीशी सरपटू लागतात का? माझी पहिली भिंत या परीक्षेत नापास झाली. न हलवलेले पाणी तीन सेकंदांत उकळल्यासारखे दिसू लागले. धरणफुटीच्या गडबडीत हेच उकळणे लपून गेले होते. त्यानंतर टाकी तिरपी करून तीच परीक्षा पुन्हा द्यावी, म्हणजे भिंत कणांच्या रांगांना समांतर नसताना काय होते ते कळते.

दुसरी परीक्षा आधी उत्तर बनवून नंतर प्रश्न शोधण्याची. वेग आणि दाबाची एक सोयीस्कर सूत्रे मनाने घ्यायची, ती समीकरणात घालून जे शिल्लक उरते ते बाहेरून लावलेल्या बलासारखे समीकरणात जोडायचे; मग ती सूत्रे त्या बदललेल्या समीकरणाचे अचूक उत्तर होतात. आता प्रोग्रॅम चालवायचा आणि कण बारीक करत नेले की चूक किती वेगाने घटते ते पाहायचे. अंतर निम्मे केल्यावर चूक पाव व्हायला हवी असेल आणि ती होत नसेल, तर दोष कुठे आहे ते लपत नाही. मुंबईच्या आयआयटीतल्या पवन नेगी आणि प्रभू रामचंद्रन यांनी २०२२ साली एसपीएचच्या सीमाअटींसाठी ही रीत पद्धतशीर वापरली. त्याच संस्थेत घडलेला पायएसपीएच हा खुला प्रोग्रॅम कुणीही घरी उतरवून वापरू शकतो. विद्यापीठाबाहेर बसून शिकणाऱ्या माझ्यासारख्याला दुसऱ्याची भिंत उघडून पाहता येणे ही लहान गोष्ट नव्हे. माझ्या चुका मला बऱ्याच अंशी तिथेच सापडल्या.

आणि लेख लिहिणाऱ्यांकडे एक मागणी : भिंतीवरचा दाब छापायचा असेल तर निदान दोन प्रकारच्या भिंतींनी काढून छापावा. दोन्ही आकडे जुळले तर वाचकाचा विश्वास वाढेल. नाही जुळले तर त्यांच्यातले अंतर हीच त्या आकड्याची खरी ओळख असेल.

टँकरवाल्याकडे मी पुन्हा गेलो ते पाच महिन्यांनी. या वेळी पिक्चर नेले नाही. एका कागदावर दोन आकडे आणि त्यांच्यातले अंतर लिहून नेले. त्याने विचारले, यातला खरा कुठला. मी म्हणालो, मला ठाऊक नाही. या दोहोंच्या बाहेर नसावा असे वाटते, पण खात्री हवी तर पत्र्यावर दाबमापक बसवून एकदा गाडी चालवून पाहावी लागेल. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि मोठा आकडा धरून जाड पत्र्याची ऑर्डर दिली. दाबमापक अजून बसवायचा आहे.